मदत हवी आहे: मुलगी धास्तीने शाळेत जाऊ शकत नाही, इंग्लंडमधल्या काउन्सिलकडून चौकशीचं पत्र आलंय

मीनल_यूके

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगी १२ वर्षांची, इयर ८ मध्ये. सप्टेंबरपासून सकाळी गणवेश अंगावर चढवला की पोटात कळ येते, उलटी होते, हातपाय गार पडतात. शनिवार-रविवारी यातलं काही नसतं. जीपीने (फॅमिली डॉक्टरने) कॅम्ह्जकडे (मुलांच्या मानसिक आरोग्याची सरकारी सेवा) रेफर केलंय, पण नंबर लागायला वेळ आहे. शाळेचं म्हणणं, 'आत आल्यावर ती ठीक असते.' हजेरीपटावर सुरुवातीच्या १४ दिवसांना 'आय' (आजारपण) कोड आहे आणि त्यानंतर सगळीकडे 'ओ' (अनधिकृत गैरहजेरी). नोव्हेंबरमध्ये आम्हा दोघांना वेगवेगळी पेनल्टी नोटीस आली. ८०-८० पौंड भरून टाकले.

आता काउन्सिलने ९ दिवसांनी 'इंटरव्ह्यू अंडर कॉशन'साठी (कायदेशीर ताकीद देऊन घेतात ती चौकशी) बोलावलंय. जायलाच लागतं का? काय बोलायचं? आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, पुढच्या वर्षी आयएलआरचा (कायम राहण्याच्या परवानगीचा) अर्ज करायचा आहे. सासूबाई म्हणतात दोन महिने नाशिकला पाठवा, मन रमेल. शाळेतून सुचवलं की होम एज्युकेशनचा विचार करा. कृपया नेमकं सांगा, रात्र-रात्र झोप नाही.

हजेरीपट

ताई, आधी पत्रात कुठलं कलम लिहिलंय ते बघा. एज्युकेशन ॲक्ट १९९६ चं कलम ४४४(१) की ४४४(१ए)? दिसायला एका अक्षराचा फरक आहे. ४४४(१) मध्ये पालकांचा हेतू बघत नाहीत. मूल गैरहजर होतं एवढं सिद्ध झालं की गुन्हा, दंड १,००० पौंडांपर्यंत. ४४४(१ए) म्हणजे तुम्हाला माहीत असूनही तुम्ही तिला पाठवलं नाहीत असा आरोप. त्यात दंड २,५०० पौंडांपर्यंत आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पत्रात नसेल तर आजच ईमेल करून विचारा: कोणतं कलम आणि कोणत्या तारखा. तारखा महत्त्वाच्या, कारण साधारणपणे घटनेपासून सहा महिन्यांच्या आत केस दाखल व्हावी लागते. नोव्हेंबरच्या नोटिशीतला जो काळ आहे त्याचा दंड भरलेला आहे, त्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. ते दिवस यादीत घुसलेत का तपासा.

तुमचा बचाव आजारपणावर उभा राहतो. मूल आजारपणामुळे किंवा टाळता न येणाऱ्या कारणामुळे येऊ शकलं नाही हे दाखवलं तर ती गैरहजेरी गुन्ह्यात धरत नाहीत. यातलं 'टाळता न येणारं कारण' कोर्ट फार अरुंद अर्थाने घेतं, त्यावर भिस्त ठेवू नका. आजारपणात मानसिक आजार येतो आणि 'आय' कोड त्यालाही लागू आहे. १९ ऑगस्ट २०२४ पासून हजेरीचं मार्गदर्शन वैधानिक झालंय. त्यानुसार आजार खरा आहे का अशी रास्त शंका असेल तरच शाळेने वैद्यकीय पुरावा मागायचा, आणि पुरावा म्हणजे जीपीचं पत्रच हवं असा हट्ट धरायचा नाही. प्रिस्क्रिप्शन, अपॉइंटमेंटचा मेसेज, कॅम्ह्जच्या रेफरलची पोच, हे सगळं चालतं. एका फायलीत तारखेप्रमाणे लावा.

इंटरव्ह्यूबद्दल: जाणं ऐच्छिक असतं, पण न गेल्याने केस थांबत नाही. सॉलिसिटर बरोबर नेता येतो, दुभाषा मागता येतो. प्रश्न लेखी पाठवा, लेखी उत्तर देतो, असंही सांगून बघा, बऱ्याच ठिकाणी मान्य करतात. सुरुवातीला जी कॉशन वाचतात तिचा अर्थ असा की बोलायची सक्ती नाही, पण पुढे कोर्टात ज्यावर भर देणार ते आत्ता सांगितलं नाहीत तर बचाव लंगडा पडू शकतो. म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. दोन पानी निवेदन घेऊन जा: लक्षणं, तारखा, कोणाकडे कधी मदत मागितली, शाळेने काय दिलं.

शब्दांवरून_सांगते

वर सांगितलंय ते बरोबरच आहे. मला एकाच गोष्टीवर जोर द्यायचाय. आपण घरी म्हणतो 'ती ऐकत नाही', 'हट्ट करते', 'जायलाच नको म्हणते', आणि सकाळी शाळेच्या फोनवर तेच इंग्रजीत करून सांगतो: 'शी इज रिफ्यूजिंग'. पलीकडचा क्लार्क तेच शब्द टाइप करतो, कोड पडतो 'ओ', आणि सहा महिन्यांनी ते वाक्य पालकांचा मुलीवर वचक नाही याचा पुरावा म्हणून समोर येतं. पॅरेंटिंग ऑर्डरची (पालकांना पालकत्वाच्या वर्गाला जायला लावणारा कोर्टाचा आदेश) मागणी अशाच नोंदींवर होते.

उद्यापासून फोनऐवजी रोज ईमेल करा, हजेरीची वेळ संपायच्या आत: 'अनएबल टू अटेंड टुडे ड्यू टू इलनेस: अँग्झायटी. व्हॉमिटेड ॲट ७:४०. ड्रेस्ड, रीच्ड द कार, कुड नॉट गेट आउट.' जे घडलं तेवढंच लिहा. वाढवून लिहू नका, कारण खोटी पडलेली एक ओळ बाकीच्या सगळ्या ओळी घेऊन बुडते. तिला 'तू गेली नाहीस तर आई-बाबा तुरुंगात जातील' असं कुणालाही सांगू देऊ नका, ना घरी ना शाळेत. त्याने धास्ती वाढते.

हजेरीपट

आता १४ दिवसांबद्दल. तब्येतीमुळे १५ किंवा जास्त शालेय दिवस बुडणार हे स्पष्ट झालं, सलग असोत वा सुटे मिळून, की शाळेने काउन्सिलला 'सिकनेस रिटर्न'ने (आजारी मुलांची माहिती देणारा अहवाल) कळवायचं असतं आणि त्याच ॲक्टच्या कलम १९ खाली पर्यायी शिक्षणाची सोय काउन्सिलने करायची असते. तुमच्या हजेरीपटावर 'आय' १४ वर थांबलाय. कारण काहीही असो, 'ओ' पडत राहिला की तो १५ वा दिवस कागदावर कधी उगवतच नाही.

म्हणून हेडटीचरना लिहा की अमुक तारखांचा कोड 'आय' करावा. मागचा कोड दुरुस्त करता येतो. मूळ नोंद, बदललेली नोंद, कारण आणि तारीख असं सगळं ठेवावं लागतं. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. त्याच दिवशी काउन्सिलला वेगळा ईमेल पाठवा, विषयात 'सेक्शन १९' लिहून. तिसरा ईमेल प्रॉसिक्यूशन विभागाला: कलम ४४७ प्रमाणे खटल्याआधी एज्युकेशन सुपरव्हिजन ऑर्डरचा (मुलीच्या शिक्षणावर काउन्सिलची देखरेख ठेवणारा कोर्टाचा आदेश) विचार करणं बंधनकारक आहे, तो केला का, कधी, निष्कर्ष काय? या प्रश्नाला बहुतेक पालक हात घालत नाहीत. घाला.

शाळेकडे सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्टही (आपल्याबद्दलच्या नोंदी मागायचा अर्ज) टाका, एक महिन्याची मुदत असते. सगळे अंतर्गत ईमेल मागा. 'आत आल्यावर ठीक असते' म्हणणाऱ्या शाळेच्या नोंदींत मेडिकल रूमच्या फेऱ्या सापडू शकतात.

मीनल_यूके

खूप आभार दोघांचे. नाशिक आणि होम एज्युकेशनचं काय करू? आणि व्हिसा?

हजेरीपट

नाशिक आत्ता नको. सासूबाईंची माया कळते, पण परवानगीशिवाय गेलात तर हजेरीपटावर 'जी' कोड पडेल, म्हणजे अनधिकृत सुट्टी. कोर्टात आजारपणाच्या फायलीशेजारी विमानाची तिकिटं आली की समोरच्याचं काम सोपं होतं. त्यापेक्षा आजीलाच इकडे बोलवता आलं तर बघा.

होम एज्युकेशनसाठी नाव काढणं एका पत्राचं काम आहे, म्हणूनच घाबरलेले पालक ते करून बसतात. नाव काढलं की शिक्षणाची सगळी जबाबदारी आणि खर्च तुमच्यावर येतो, कलम १९ चा दावा जवळपास संपतो, आणि मागच्या तारखांचा खटला तरीही राहतोच. मनापासून हवं असेल तर जरूर करा. शाळा ढकलते म्हणून नको.

त्याऐवजी ईएचसी नीड्स असेसमेंट (मुलीला शिक्षणात कोणती खास मदत लागते याची काउन्सिलने करायची तपासणी) स्वतः मागा. निदान झालेलं नसलं तरी मागता येतं, शाळेची सही लागत नाही. सहा आठवड्यांत हो-नाही कळवायचं, प्लॅन द्यायचा असेल तर एकूण २० आठवडे. नकार आला तर ट्रायब्युनलला अपील: पत्रापासून दोन महिने किंवा मीडिएशन सर्टिफिकेटपासून (मध्यस्थीचा दाखला) एक महिना, यातली नंतरची तारीख. शाळेने मधल्या काळात अर्धवेळ वेळापत्रक सुचवलं तर ते तुमच्या संमतीने, ठरावीक मुदतीचं आणि 'सी२' कोडचं हवं. तोंडी 'लवकर घेऊन जा' मान्य करू नका.

व्हिसा: वेळेत भरलेली पेनल्टी नोटीस म्हणजे दोषसिद्धी नाही. कोर्टात दोषी ठरलात तर नुसता दंड झाला तरी ती दोषसिद्धी, आणि आयएलआरच्या फॉर्मवर लिहावी लागते. लपवलीत तर फसवणुकीचा मुद्दा निघतो, तो दंडापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून उद्या 'सिंगल जस्टिस प्रोसिजर नोटीस' (सुनावणीला न बोलावता टपालाने चालणाऱ्या खटल्याची नोटीस) आली तर २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, पण कटकट मिटवायला 'गिल्टी'वर खूण करू नका. आधी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. आणि तीन वर्षांत त्याच मुलीसाठी दुसरी नोटीस आली तर सवलत नसते, प्रत्येकी थेट १६० पौंड. तिसरी नोटीस देत नाहीत, तिथे खटल्याचाच विचार होतो.

शब्दांवरून_सांगते

ताई, फुकट मदतीसाठी तुमच्या काउन्सिलच्या भागातलं सेंडियास (खास शैक्षणिक गरजांबद्दल पालकांना सल्ला देणारी सेवा) गाठा, ईएचसीच्या पत्रासाठी इप्सिया ही संस्था, कायद्याच्या प्रश्नांसाठी चाइल्ड लॉ ॲडव्हाइस. 'नॉट फाइन इन स्कूल' हा याच अडचणीतल्या पालकांचा गट आहे. आरोप ४४४(१ए) चा असेल तर सॉलिसिटरना लीगल एडबद्दल (सरकारी खर्चाने वकील) पहिल्याच फोनवर विचारा. ९ दिवस आहेत, त्यामुळे इंटरव्ह्यू पुढे ढकलायची विनंती आजच पाठवा, कारण द्या: सल्ला घेणं आणि शाळेची कागदपत्रं मिळणं बाकी आहे. उत्तर आलं की इथे मजकूर टाका, नाव-गाव आणि शाळा खोडून.