जळगावच्या शोरूममध्ये मॅनेजरशी भाव कसा करायचा? तीन वस्तू घ्यायच्यात

सातपुड्याची_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही चोपड्याचे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवीन घराची वास्तू आहे, त्याच्याआधी फ्रीज, वॉशिंग मशीन आणि दीड टनाचा एसी घ्यायचाय. रविवारी जळगावला एका मोठ्या शोरूमला जाऊन आलो, तिघांचे मिळून १,०९,००० सांगितले. आमचे आप्पा कापसाच्या व्यापाऱ्याशी क्विंटलमागे ५० रुपयांसाठी तासभर बसतील, पण तिथे त्या गार हवेत काचेच्या टेबलासमोर एक शब्द बोलले नाही. मीच म्हटलं दादा काहीतरी कमी करा, तर सेल्समन म्हणे ताई इथे फिक्स रेट, कॉम्प्युटरला लॉक आहे. मग मॅनेजर आले, १,५०० कमी करतो म्हणाले पण आजच बुक केलं तर. आम्ही तसेच परत आलो. कापसाचे आलेले पैसे आहेत हो, म्हणून विचारते, अशा ठिकाणी भाव होतो का आणि झाला तर मॅनेजरशी बोलायचं काय?

अमळनेरकर
होतो, पण रविवारी नाही होत. मधल्या वारी सकाळी ११ च्या सुमारास जा, दुकान रिकामं असतं, मॅनेजर बसून बोलतो. आणि आप्पांना सांगा लाजायचं काही कारण नाही, आमची आजी म्हणायची मांगशी नही ते भेटी कसं.

जुना_काउंटर
ताई, मी जळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या काउंटरवर ९ वर्षं काढली, आता पाचोऱ्याला स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणून दोन्हीकडून सांगतो. सेल्समन खोटं नाही बोलला, त्याच्याकडे भाव खरंच लॉक असतो. मॅनेजरच्या हातात थोडी सूट असते आणि त्याहून जास्त लागली तर तो वर फोन करतो, आमच्याकडे रोज असे दोन-तीन फोन व्हायचे. फक्त कोणासाठी फोन करायचा ते तो गिऱ्हाईक बघून ठरवतो. तिन्ही वस्तूंचे मॉडेल नंबर कागदावर, दुसऱ्या दुकानाचा लेखी भाव सोबत, पैसे तयार, असा माणूस समोर असला की करतोच, कारण महिन्याचं टार्गेट त्याच्याही डोक्यावर असतं (२५ तारखेनंतर जास्तच). नुसतं कमी करा ना म्हटलं तर तो १,५०० वरच थांबणार.

एकेका वस्तूवर घासाघीस करू नका. फ्रीजवर ५०० कमी करतील आणि एसीच्या फिटिंगमध्ये वसूल करतील. सरळ म्हणा, "साहेब तिन्ही तुमच्याकडूनच घेतो, चोपड्याला घरात लागेपर्यंतचा एकच आकडा सांगा." त्यात डिलिव्हरी, जिन्याची हमाली, फिटिंग, बाहेरच्या युनिटचा स्टँड आणि जादा तांब्याचा पाइप सगळं आलं पाहिजे. एसीसोबत साधारण ३ मीटर पाइप येतो, पुढचा मीटरवर लावतात आणि तिथे बिल फुगतं. मॅनेजरला रोख कमी करणं जमत नसेल तर स्टॅबिलायझर, फ्रीजचा स्टँड हे तो पटकन देतो, ते मागाच.

आकड्यांच्या बाबतीत एक सांगतो. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, त्याच्यावर एक रुपया कोणी घेऊ शकत नाही, पण खाली किती यायचं ते दुकानाचं दुकान ठरवतं. म्हणून एमआरपीवर ३० टक्के सूट या पाटीला भुलू नका, तेच मॉडेल शेजारी कितीला आहे तेवढं बघा. एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय, ती दुकानाची सूट नाही, ती धरून झाल्यावर पुढचं बोला. फ्रीज आणि वॉशिंग मशीनला २०१८ पासूनच १८ आहे, तिथे कोणी जीएसटी कमी झाल्याचं सांगून भाव दाखवत असेल तर थांबा. आणि एसीच्या स्टार लेबलवरचं वर्ष वाचा. जुलै २०२२ मध्ये स्टार द्यायचा तक्ता कडक झाला तेव्हा कालचा ५ स्टार ४ स्टार झाला होता, जुन्या लेबलचा माल असेल तर तो कमीत मिळायला पाहिजे.

यावलचा_भाऊ
मी तर म्हणेन चोपड्यातल्याच दुकानदाराला आधी विचारा. उन्हाळ्यात एसी बंद पडला तर जळगावचा माणूस तापी ओलांडून कधी येईल काय भरवसा. २,००० जास्त गेले तरी गावातला माणूस हाक मारली की येतो.

जुना_काउंटर
भाऊ, सर्व्हिस कंपनीचा माणूस देतो, दुकान नाही देत, त्यामुळे कंपनीचं सेंटर कुठे आहे ते विचारा. पण गावातला भाव लिहून न्या, हे बरोबर, तोच कागद मॅनेजरपुढे ठेवायचा.

भुसावळची_माई
बाळा, एक गोष्ट कधीच करू नको, पक्कं बिल नको असेल तर २,००० कमी करतो म्हणतात ते. आमच्याकडे असाच फ्रीज कच्च्या पावतीवर घेतला, चार वर्षांनी कंप्रेसर गेला, कंप्रेसरला १० वर्षं वॉरंटी होती पण कंपनीने बिल मागितलं आणि आमच्या हातात तो चिटोरा. दुकानदार म्हणे मला आठवत नाही. मला अजून राग येतो. पक्कं बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार तरी करता येते.

आणि नो कॉस्ट ईएमआय म्हणाले तर विचार, ते व्याज कोणीतरी भरतंच ना, मग आम्ही एकदम पैसे दिले तर तेवढे कमी करा.

सातपुड्याची_लेक
बुधवारी जाऊन आलो. चोपड्याचा भाव १,०६,२०० लिहून घेतला होता, तो कागद आप्पांनी स्वतः मॅनेजरसमोर ठेवला आणि म्हणाले साहेब घरात लागेपर्यंतचा आकडा सांगा. ते बाहेर जाऊन फोनवर बोलून आले, १,०३,५०० पक्क्या बिलासकट, डिलिव्हरी, फिटिंग आणि स्टँड धरून, स्टॅबिलायझर वेगळा मागितला तर तोही दिला. पुढच्या दोन वर्षांची जादा वॉरंटी घ्या म्हणत होते, ती नाही घेतली. माई, ईएमआयचं विचारलं, त्यांनी त्याचे म्हणून वेगळे काही कमी केले नाही. फक्त पाइपचं राहिलं, आमच्या भिंतीपासून बाहेरच्या युनिटपर्यंत १४ फूट भरतात, म्हणजे ३ मीटरच्या वर ४ फूट. उद्या फोन करून तेवढं बिलावर लिहून मागते, की बुकिंग झाल्यावर आता ऐकणार नाहीत?

जुना_काउंटर
ऐकतील, माल अजून गोडाऊनमधून निघाला नाही ना. फोन करू नका, व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि त्यांचं हो त्याच्यावरच घ्या.