ओपनफायर : नुसतं अपडेट पुरेसं नाही

ओपनफायर या चॅट सर्व्हरमध्ये २०२३ मध्ये सापडलेल्या सुरक्षेच्या भोकाबद्दल '४.७.५ ही आवृत्ती टाकली की झालं' असं कुणी म्हणेल. नाही हो, तेवढ्यानं भागत नाही! सेटअपची पानं लॉगिनशिवाय उघडायची. त्या पानांच्या पत्त्यात दोन टिंबं (म्हणजे 'एक फोल्डर वर जा') वेगळ्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं लिहायच्या वेगळ्या पद्धतीत, घुसवली की माणूस थेट अ‍ॅडमिन कन्सोलच्या (सर्व्हर सांभाळायच्या पानांच्या) आत. २००८ मध्येही याच वाटेनं शिरता येत होतं. पुढे अडसर घातला होता, पण आतला वेबसर्व्हर अपडेट झाला, त्याला ते एन्कोडिंग कळायला लागलं आणि जुना अडसर फुकट गेला.

आत आलेला आधी नवा अ‍ॅडमिन बनवतो, मग स्वतःचं प्लगइन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम) चढवतो. अपडेटनं ते दोन्ही जागचे हलत नाहीत. आज युजरची यादी आणि प्लगइनचं फोल्डर डोळ्यांखालून घालाच. कन्सोलचा ९०९० पोर्टही बाहेरून बंद ठेवा.