हडसन नदीत विमान कॅप्टनने उतरवलं, मग बाकीचे चौघं काय करत होते?

दांडियाबाजारवाली
भाचीचं केबिन क्रूमध्ये सिलेक्शन झालं, पेढे वाटले, रविवारी सगळे सेव उसळ खायला जमलो तर आमचे मोठे काका म्हणतात, “म्हणजे हवेत वाढपीच ना गं?” पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं काका, न्यूयॉर्कला विमान नदीत उतरलं तेव्हा १५५ माणसं बाहेर कोणी काढली? तर म्हणे कॅप्टन सलेनबर्गरने, सगळ्या जगाला माहितीये. आता मला पण तेवढंच माहितीये, त्यामुळे गप्प बसले. बाकीच्यांनी नक्की काय केलं सांगा ना कोणी, काकांना वाचून दाखवायचंय.

जुना हँगरवाला
ताई, विमानांच्या मेंटेनन्समध्ये जन्म गेला म्हणून बोलतो. १५ जानेवारी २००९, एअरबस ए३२०, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालं आणि दोन मिनिटांच्या आत दोन्ही इंजिनांत कॅनडा गीझ घुसले, तीन-चार किलोचे एकेक पक्षी. उंची जेमतेम २,८०० फूट. आणि काकांना हे आधी सांगा, त्या वेळी विमान कॅप्टन उडवतच नव्हते, को-पायलट जेफ्री स्काइल्स उडवत होते! कॅप्टनने कंट्रोल मागितला, स्काइल्सनी लगेच सोडला आणि चेकलिस्ट उघडली. कॅप्टनचा ए३२० वरचा अनुभव जास्त, स्काइल्स ट्रेनिंग नुकतंच करून आलेले म्हणजे चेकलिस्ट त्यांना ताजी, अशी ती वाटणी. चेकलिस्ट तीन पानी, ती पण २०,००० फुटांवर इंजिनं बंद पडतील असं धरून लिहिलेली, आणि हातात सगळे मिळून २०८ सेकंद. शेवटी शेवटी कॅप्टन विचारतात, काही सुचतंय? स्काइल्स म्हणतात, खरं तर नाही. आमच्या वेळचे काही साहेब असते तर ज्युनिअरला विचारण्याआधी नदीच्या तळाशी गेले असते.

निझामपुऱ्याची मावशी
मी स्वतः ११ वर्षं फ्लाय केलंय, आता केबिनचं ऐका. कॉकपिटमधून फक्त ‘ब्रेस फॉर इम्पॅक्ट’ म्हणजे धक्क्यासाठी सावरून बसा, एवढंच आलं, पाणी हा शब्दच नाही. केबिन क्रूच्या तिघी एका सुरात ओरडत राहिल्या, डोकी खाली, खालीच ठेवा. मागे डोरीन वेल्श होत्या, त्यांना पाणी दिसलं तेव्हा कळलं आपण कुठे आहोत. तेवढ्यात एका पॅसेंजरने मागचं दार किलकिलं केलं आणि बर्फासारखं पाणी भसाभस आत. पाय खोल कापलेला, तरी त्यांनी लोकांना ओरडून पुढे पिटाळलं. पुढे शीला डेल आणि डोना डेंट, तिथे डाव्या दाराची स्लाइड, म्हणजे बाहेर पडायची फुगणारी घसरगुंडी, आपोआप फुगलीच नाही, हँडल ओढून फुगवावी लागली. आणि पंखावरच्या एक्झिट पॅसेंजरांनीच उघडल्या.

आम्ही डेमोमध्ये घसा कोरडा करून सांगतो ना, लाइफ जॅकेट बाहेर पडताना फुगवा, ते उगाच नाही. १९९६ ला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान कोमोरोसजवळ समुद्रात उतरलं तेव्हा कितीतरी जणांनी आतच जॅकेट फुगवलं, केबिनमध्ये पाणी चढलं तसे छताला जाऊन अडकले. आणि लोक तेव्हा मोबाईलवर रील बघत असतात.

खारीसिंग
सगळं मान्य, पण नशीब पण बघा ना. दिवसाउजेड, नदीत फेरीबोटींची ये-जा, पहिली बोट चारेक मिनिटांत हजर. भर समुद्रात असते तर?

जुना हँगरवाला
नशीब होतंच, नाही कोण म्हणतंय, ५ डिग्रीच्या पाण्यात माणूस किती वेळ टिकणार. पण बोट येईपर्यंत माणसं पंखावर उभी होती ती कोणीतरी बाहेर काढली म्हणून ना. पेपरवाल्यांनी चमत्कार म्हणून टाकलं की मग विचारायला नको कोण काय करत होतं.

निझामपुऱ्याची मावशी
बोटीचं आणि जॅकेटचं नाव निघालं की मला आपल्या बडोद्यातला हरणीचा तलाव आठवतो. १८ जानेवारी २०२४, शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ टीचर गेले. बहुतेकांच्या अंगात जॅकेटच नव्हतं. जाऊ दे, नाही बोलवत.

दांडियाबाजारवाली
थँक्यू सगळ्यांना. काल रात्री वाचून दाखवलं. काका आधी हं-हं करत होते, मग पंखावरच्या दाराशी आले तसा चष्मा पुसायला लागले. परवा ते दिल्लीला चाललेत, पाय पसरायला जागा मिळते म्हणून जादा पैसे भरून एक्झिटची सीट घेतलीये. भाची म्हणाली, काका, मग दार तुम्हालाच काढायचंय, १५ किलोच्या आसपास असतं. आता सकाळपासून विचारतायत, सीट बदलून मिळते का गं.