मदत हवी आहे : सुनौलीमार्गे नेपाळ, कागदपत्रं आणि सासूबाईंना झेपेल असं हॉटेल

लष्करची सून
दिवाळीनंतर नेपाळला जायचं म्हणतोय. बरौनी मेलने ग्वाल्हेर ते गोरखपूर, तिथून टॅक्सीने सीमेवरचं सुनौली, पुढे लुंबिनी, पोखरा, काठमांडू. सोबत नवरा, सासूबाई (वय ७४, गुडघे दुखतात), १७ वर्षांची लेक आणि अमेरिकेतला भाचा.

आपल्याला व्हिसा लागत नाही एवढं माहीत आहे. घोडं अडलंय ओळखपत्रांवर. आम्हा दोघांची मतदार कार्डं आहेत. सासूबाईंकडे फक्त आधार, लेकीकडे आधार आणि शाळेचं कार्ड. भाच्याचा पासपोर्ट अमेरिकन, शिवाय ओसीआय (परदेशस्थ भारतीयांना मिळतं ते कार्ड). इथल्या महाराज बाडा चौकातला एक ट्रॅव्हलवाला म्हणतो, आधारवर सगळं चालतं. मला पटत नाही.

दुसरं, रात्रीचा मुक्काम सीमेच्या अलीकडे करावा की पलीकडे? आणि हॉटेलवाल्याला नेमकं काय विचारायचं? फोटोत सगळीच छान दिसतात.

बडोद्याचा भटक्या
सासूबाईंचं आधार चालेल. ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या आतल्यांना ती सूट आहे. अडचण लेकीची. १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो. शाळेला सुट्ट्या लागायच्या आत घेऊन ठेवा. कुटुंब एकत्र असेल आणि एका मोठ्या माणसाकडे मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटोचा आणि नात्याचा पुरावा पुरतो असाही नियम आहे. पण सीमेवर नियम समजावत बसण्यापेक्षा दाखला बरा.

भाच्याकडे मात्र नीट लक्ष द्या. सुनौलीला आपण कमानीखालून चालत पलीकडे जातो, त्याच ओघात तोही गेला तर पासपोर्टवर भारत सोडल्याचा शिक्का मारायचा राहून जाईल. आधी आपल्या इमिग्रेशनच्या कचेरीत शिक्का, मग नेपाळच्या कचेरीत व्हिसा. १५ दिवसांचे ३० डॉलर, रोख जवळ असू द्या. परत येताना ओसीआय हवंच, ते सामानाच्या तळाशी नको.

राजवाड्याजवळचा
सुनौलीत मुक्काम अजिबात नको. ट्रकांच्या रांगा आणि रात्रभर हॉर्न. गोरखपूरला झोपा, सकाळी निघून थेट लुंबिनी गाठा.

हॉटेलला फोन करून विचारा : लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत पोचायला किती पायऱ्या? हा दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तिथेच म्हातारी माणसं अडकतात. पोखऱ्यात लेकसाइडला डोंगर दिसणारी खोली म्हणजे बहुधा वरचा मजला, मोह आवरा. काठमांडूत थामेल हा पर्यटकांचा भाग सोयीचा, पण रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात, म्हणून आतल्या गल्लीतलं बघा. गरम पाणी सोलरचं असेल तर पहाटे भरवसा नाही.

भाव एनसी (नेपाळी रुपये) की आयसी (भारतीय रुपये), हे आधी ठरवा. आपले १०० म्हणजे तिकडचे १६०. वर १३ टक्के व्हॅट धरलाय की वेगळा, तेही विचारा. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा.

लष्करची सून
दोघांचे आभार. दाखल्यासाठी उद्याच शाळेत जाते. पोखरा ते काठमांडू साधारण २०० किमी, पण घाटाचा रस्ता आणि अख्खा दिवस जातो म्हणतात. सासूबाईंना गाडीने नेऊ की तेवढा टप्पा विमानाने करू? विमानाला आधार चालेल ना?