‘मशीनमध्ये फुंकूच नका’ या सल्ल्याला माझा विरोध आहे

रानवारा
दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेल्यास काय करावे, याविषयी काल येथे एका सभासदाने चार गोष्टी सांगितल्या. मशीनमध्ये फुंकू नका, ओळखीच्या माणसाचे नाव सांगा, हवालदाराशी जागेवरच मिटवा, आणि तेही जमले नाही तर कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरा व मोकळे व्हा. खाली आभारांची रांग लागलेली पाहून मला राहवले नाही, कारण यातील पहिली आणि चौथी गोष्ट मी स्वतः करून बसलो आहे.

दोन वर्षांपूर्वी मावसभावाची हळद आटोपून परतताना मी नाकाबंदीत सापडलो. फोनवर मेहुण्यांनी हाच सल्ला दिला आणि मी दोनदा नकार दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ नुसार नकार देणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि कलम २०५ नुसार सबळ कारण नसेल तर तो नकार कोर्टात आपल्याच विरुद्ध धरला जाऊ शकतो, हे मला नंतर कळले. मला चौकीत नेले, तेथून सरकारी दवाखान्यात नेले आणि दंडातून रक्त काढले. हळदीने पिवळ्या झालेल्या सदऱ्याच्या बाहीवर रक्ताचा ठिपका पडला होता. तो सदरा मी अजून टाकलेला नाही.

कोर्टात वकील न घेता मी ‘कबूल’ म्हणालो आणि दहा हजार रुपये दंड भरला. मोकळा मात्र झालो नाही. कलम १८५ खाली, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, दोषी ठरल्यावर किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवणे कोर्टाला कलम २० ने बंधनकारक आहे, हे मला कोणीच सांगितले नव्हते. माझी नोकरी औषधविक्रीची, रोज मोटारसायकलवर फिरण्याची होती. ती गेली.

म्हणून माझे सांगणे असे आहे. फुंका, मशीनने दाखवलेल्या आकड्याची पावती वाचून घ्या, हुज्जत घालू नका, घरच्यांना कळवा, न प्यायलेल्या माणसाला बोलावून घ्या, आणि वकिलाशी बोलल्याशिवाय कोर्टात ‘कबूल’ हा शब्द उच्चारू नका.

चक्रधर
आपली नोकरी गेली याचे मला वाईट वाटते, परंतु आपण पगारदार माणसाच्या नजरेने लिहीत आहात. मी एकोणीस वर्षे टेम्पो चालवतो. सहा महिने लायसन्स नसणे म्हणजे माझ्या घरात चूल न पेटणे. अशा वेळी कोणी हवालदाराच्या हातात दोन हजार ठेवले, तर त्याला गुन्हेगार ठरवण्याआधी त्याच्या हप्त्यांचा विचार करावा. शिवाय रस्त्यालगतच्या परमिट रूमला पन्नास गाड्यांचे पार्किंग मंजूर करायचे आणि दोनशे पावलांवर नाकाबंदी लावायची, याला काय म्हणावे? प्यायला बसलेला माणूस त्या पार्किंगमधून चालत घरी जाईल, असे सरकारला खरोखर वाटते काय?

नाशिककर
चक्रधर यांनी मुळावर बोट ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश दिला होता. १ एप्रिल २०१७ पासून आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांची शटर खाली होती. जुलैमध्ये नगरपालिका हद्दीतील परवान्यांना तो आदेश आड येत नाही, असा खुलासा झाला आणि शटर पुन्हा वर गेली. त्यातले एक आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच आहे. शनिवारी रात्री तेथून निघणाऱ्या गाड्या मी गॅलरीतून मोजतो, आणि अकरानंतर माझ्या मुलीला क्लासहून एकटी येऊ देत नाही.

मुक्ताई
गाड्या मोजा, पार्किंग मोजा. गाडीखाली आलेल्या माणसाचे नाव या चर्चेत अजून कोणी काढलेले नाही. माझा धाकटा भाऊ रात्रपाळीला निघाला होता. त्याला उडवणाऱ्याचे रक्त जवळजवळ सहा तासांनी घेतले गेले, अहवालात दारूचे प्रमाण नगण्य आले, आणि तो दारूच्या कलमातून सुटला. आईने भावाचा डबा अजून फळीवर ठेवला आहे. रानवारा, आपण पकडलेल्यांना सुटकेचा रस्ता दाखवत आहात. चक्रधरदादा, तुमचे दोन हजार रुपये म्हणजे त्या सहा तासांची किंमत आहे.

चक्रधर
ताई, हे वाक्य मला लागले. मी कोणाच्या भावाला मारलेले नाही. एकोणीस वर्षांत माझ्या गाडीला एकही अपघात नाही.

साताऱ्याचे वकील
मुक्ताताईंचा राग योग्य आहे, पण तो रानवारा यांच्यावर काढणे योग्य नाही. कलम २०२ नुसार दारूच्या कारणावरून अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत व्हायला हवी. ती न झाल्यास त्याला कोठडीतून सोडावे लागते. मात्र कोठडीतून सुटला म्हणजे खटल्यातून सुटला, असे नाही. रक्तातील दारू तासागणिक उतरते, त्यामुळे ही मुदत आपल्या भावाच्या बाजूनेही तितकीच आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोघे तरुण गेले, तेव्हा चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. सगळा भार रक्ताच्या त्या एका बाटलीवर असतो, म्हणून ती वेळेवर भरली जावी यासाठी भांडले पाहिजे.

चक्रधर यांना एवढेच सांगतो की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पहिल्यांदा सापडलेल्याला कलम १८५ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद, दहा हजार दंड, किंवा दोन्ही आहे, आणि हा गुन्हा जामीनपात्र आहे. सहा महिन्यांच्या भीतीने सात वर्षांच्या तोंडी जाऊ नये.

चक्रधर
लाचेचे म्हणणे मी मागे घेतो. लायसन्सच्या सहा महिन्यांचे घेत नाही. मालकाची गाडी आणि स्वतःचे पोट यांच्यामध्ये अडकलेल्या माणसाला कोणी वकील फुकट मिळवून देणार असेल, तर वकिलाशी बोला या सल्ल्याला अर्थ आहे.

साताऱ्याचे वकील
फुकट मिळतो. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते. अटकेतल्या माणसाला तेथे उत्पन्नाचा दाखलाही मागत नाहीत. चौकीतूनच तशी मागणी करावी.

रानवारा
हे मला ठाऊक असते, तर मी त्या दिवशी एकटा उभा राहिलो नसतो. मुक्ताताई, माझ्या लेखात आपल्या भावासारख्यांचा उल्लेख नव्हता, ही माझी चूक आहे. मी पहिले वाक्य बदलतो: पकडले गेलात आणि कोणी मेले नाही, तर आधी त्याबद्दल कृतज्ञ राहा.

मुक्ताई
बदला. आणि त्यात दोन तासांचेही लिहा, चौकीबाहेर थांबलेल्या नातेवाइकांसाठी. आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते. आम्ही रात्रभर बाकावर बसून होतो.