घटसर्पाने एक वगार दगावली, उरलेल्यांना आजच लस टोचावी का?

प्रश्न: गोठ्यात ९ म्हशी, २ गायी, ४ वगारी (म्हशीची मादी वासरे). एका वगारीला सकाळी सडकून ताप, तोंडाला लाळेची तार, गळ्याखाली गरम, घट्ट सूज; अंधार पडायच्या आत दगावली. यंदाची लस राहिली होती. बाकीची जनावरे चारा खातायत. आज सगळ्यांना लस टोचली तर साथ थांबेल का? पाणवठा शेजारच्या जनावरांशी सामाईक आहे.

उत्तर: आधी थर्मामीटर, मग सुई. लसीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे जातात आणि घटसर्प हा गायी-म्हशींचा जंतूजन्य रोग काही तासांत जनावर नेतो. म्हणजे ज्याच्या अंगात जंतू शिरलाय, त्याला आजची लस वाचवणार नाही.

प्रत्येक जनावराचे तापमान सकाळ-संध्याकाळ घ्या. थर्मामीटरचे टोक गुदद्वाराच्या भिंतीला टेकलेले हवे. शेणात रुतले तर आकडा कमी दिसतो. नुकत्याच डुंबून आलेल्या किंवा उन्हातून आणलेल्या म्हशीचे मोजू नका, अर्धा-एक तास सावलीत उभी राहू द्या. म्हशीचे नेहमीचे तापमान १०१ फॅरनहाइटच्या आसपास असते. १०३ च्या पुढे गेले की जनावर वेगळे बांधा आणि पशुवैद्यकाला लगेच बोलवा. गळा सुजायची वाट पाहू नका. सूज दिसते तोवर जंतूचे विष रक्तात भिनलेले असते, मग प्रतिजैविक शिरेतून देऊनही बहुतेक जनावरे हाती लागत नाहीत.

ताप नसलेल्यांना मात्र आजच लस टोचा, प्रत्येकाला नवी सुई. सुरुवात आजारी जनावरापासून सर्वांत लांब बांधलेल्यापासून करा. शेजारच्या गोठ्यांनाही आजच कळवा, लस त्यांच्याही जनावरांना हवी.

पाणवठा तूर्त बंद; बादलीने पाणी पाजा आणि आजाऱ्याची बादली वेगळी ठेवा. पाश्चुरेला मल्टोसिडा हा घटसर्पाचा जंतू लाळेतून, नाकाच्या स्रावातून पसरतो. ओल्या मातीत काही दिवस तग धरतो, कोरड्या उन्हात लवकर मरतो. खरा धोका धडधाकट दिसणाऱ्या वाहक जनावराचा. त्याच्या टॉन्सिलमध्ये जंतू दडून असतो आणि पहिल्या पावसाची झोड, चाऱ्याची टंचाई, लांबचा प्रवास असा ताण आला की बाहेर पडू लागतो. म्हणून नवे जनावर आणले की दोन-तीन आठवडे वेगळे बांधा.

दुसरे उत्तर: वगार खरंच घटसर्पाने गेली का, हे आधी पक्के करा. नाक, तोंड किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त आले असेल तर काळपुळीची (अँथ्रॅक्स) शंका घ्या आणि मढे अजिबात फाडू नका. हवा लागली की तिचे बीजाणू तयार होतात आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. मांडीला किंवा खांद्याला सूज आणि दाबल्यावर चरचर आवाज, तर तो फऱ्या हा वेगळा रोग. काळपुळीची शंका नसेल तर पशुवैद्यकाकडून मांडीचे लांब हाड मांस काढून बर्फात प्रयोगशाळेला पाठवा. मढे थोडे कुजले तरी मज्जेत जंतू सापडतो. मढे ६ फूट खोल पुरा, वरखाली चुना टाका.

प्रश्नकर्ता: ताप असलेल्याला गोळी पाण्यात विरघळवून पाजली तर? आणि लस कोणती घ्यावी?

उत्तर: पाजू नका. गळा आतून सुजलेला असतो, गिळता येत नाही. पाजलेले औषध थेट फुफ्फुसात जाते आणि रोगाआधी तेच जनावर मारते.

तुरटीयुक्त लस कातडीखाली देतात, तिची ताकद ४ ते ६ महिने. तेलयुक्त लस खोल स्नायूत, ती वर्षभराच्या आसपास टिकते, पण दाट असते; बारीक सुईत अडकते, १६ गेजची जाड सुई लागते. मात्रा बाटलीवर लिहिलेलीच द्या. दोन्ही २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठलेली लस पुन्हा पातळ झाली तरी निकामीच. टोचण्याआधी बाटली चांगली हलवा, नाहीतर पहिल्या जनावराला नुसते पाणी आणि शेवटच्याला सगळा गाळ जातो.