फिरतीवरचे कलावंत: खेळाबाहेरचं सांगा

नवरा जगलिंग करतो, मी मेंदी काढते. घर म्हणजे एक जुना ट्रेलर आणि पोटापाण्याची जागा म्हणजे अमेरिकेतले रेनेसान्स फेअर. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी: माळावर सोळाव्या शतकातलं इंग्लंड उभं करतात. राजा-राणी, घोड्यावरून भाल्यांच्या झुंजी, टर्कीची भाजलेली तंगडी खात हिंडणारं पब्लिक. १९६३ साली लॉस एंजेलिसकडे हे सुरू झालं, आता देशभर पसरलंय. (त्या इंग्लंडात माझी मेंदी कशी, हे विचारू नका. मीही विचारत नाही.)

फेअर बहुतेक शनिवार-रविवारचे. थंडी सरता सरता ॲरिझोना, एप्रिल-मे डॅलसच्या खाली वॉक्सहॅची, उन्हाळ्यात कोलोरॅडोतलं लार्कस्पर, मग मिनेसोटा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला ह्यूस्टनच्या पुढे टॉड मिशन. तिथला मेळा १९७४ पासून भरतो. मधल्या वारी कपडे धुणं, फाटलेलं शिवणं, ट्रेलरची दुरुस्ती. टेक्सासच्या उन्हात मखमलीचा अंगरखा दिवसभर घातला की संध्याकाळी तो नुसता उभा राहतो.

नवऱ्याचा बराचसा पैसा टोपीतून येतो. शेवटचा मोठा खेळ करण्याआधी तो मुद्दाम थांबतो आणि टोपीचं भाषण करतो: आवडलं तर टाका, नाही आवडलं तरी टाका, म्हणजे मी दुसरीकडे जाईन. खेळ आधी आणि टोपी नंतर केली की लोक पांगतात. पाऊस पडला की टोपी रिकामी, पण ट्रेलर लावायच्या जागेचं भाडं चुकत नाही.

टाळ्यांचं सगळेच सांगतात. इथे पैसे, झोप, अंघोळ, पोरांची शाळा यावर लिहा. फिरतीवर असलेल्या किंवा असून गेलेल्या सगळ्यांना आमंत्रण.

ढोलकीवाला, तमाशाचा तंबूचा फड, जुन्नर तालुका

राम राम ताई. तुमचे पैसे खेळ दाखवल्यावर येतात, आमची उचल आधी येते. वैशाखात हंगाम संपला की पावसाळा काढायला मालकाकडून उचल घ्यायची आणि दसऱ्याला फड बाहेर पडला की वाजवून वाजवून ती फेडायची. मालक तरी कुठून देतो? तोही सावकाराकडूनच उचलतो. म्हणजे सुपारी (गावाशी खेळाचा करार) ठरायच्या आधीच त्या पैशाला पाय फुटलेले असतात.

सुपाऱ्या ठरतात नारायणगावला. पाडव्याच्या आसपास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, चहा पितात, फोटो बघतात आणि पहिला प्रश्न हाच: बाया किती आणि कोणत्या? वगाचं, म्हणजे मुख्य नाट्याचं, नाव शेवटी विचारतात, कधी विचारतही नाहीत.

चैत्रात तर रोज नवं गाव. खेळ संपला की रातोरात पेट्या ट्रकात, पेट्यांवर सतरंजी, सतरंजीवर आम्ही. ट्रकाच्या हुकाला झोळी बांधून त्यात कुणाचं तरी तान्हं. पोचलो की बिगारी स्टेज उभं करतात, आचारी चूल पेटवतो. अंघोळ विहिरीवर, नाहीतर कॅनॉलवर. बायांसाठी चार बांबूंना साड्या गुंडाळायच्या. सकाळी देवळापुढे हजेरीचा खेळ असला की रात्रीची झोप गेलीच. थंडीत पहाटे हलगी शेकून घ्यावी लागते, नाहीतर ती बोलत नाही. आम्ही जाळाभोवती हलग्या धरून बसतो आणि पलीकडे आमच्यातलाच मावशीचं काम करणारा गडी दाढी घोटत असतो.

पूर्वी गण, गवळण, बतावणी होऊन वग उजाडेपर्यंत चालायचा. आता लाऊडस्पीकरच्या वेळेची अडचण. गवळणीतच पब्लिक गाण्यांची फर्माईश करतं, घड्याळ पुढे पळतं आणि वग गुंडाळावा लागतो. मला हे बघवत नाही. फडातली पोरं म्हणतात, बरं झालं, झोप तरी मिळते. २०२० आणि २१ चा चैत्र कसा गेला ते लिहीत नाही. उचल अंगावर होती, यात्रा बंद होत्या, एवढंच.

दशावतारी, कुडाळकडचा

आमच्यात सगळे पुरुषच, त्यामुळे साड्यांचा आडोसा लागत नाही. साड्या नेसायलाच लागतात. मी स्त्रीपार्टी. कार्तिकात जत्रा लागल्या की घरची माणसं मला दिवसा झोपलेलाच बघतात.

जुनी माणसं पेटारे डोक्यावर घेऊन डोंगर उतरत, आम्ही टेम्पोतून जातो. पण पेटाऱ्यातल्या गणपतीची पूजा झाल्याशिवाय तोंडाला रंग लागत नाही. आज कुठलं आख्यान लावायचं ते कधी गावकरी सांगतात, कधी मालक. संहिता नसतेच. रंग लावता लावताच ठरतं की तू राणी, तो राजा, तिसऱ्याने येऊन शाप द्यायचा. एकदा राजा झालेल्याला बाकड्यावर बसल्या बसल्या डुलकी लागली. मी राणी, दोन पदांत संपणारा विलाप चार पदांपर्यंत ताणला. पेटीवाल्याने सूर मोठा केला तेव्हा महाराज जागे झाले आणि म्हणाले, “प्रिये, आम्ही विचारात गढलो होतो.” लोकांना ते आख्यानातलंच वाटलं.

उजाडता दहीकाला होतो, मग घरी. पावसात भातशेती आहे म्हणून हे जमतं. शेती नसलेल्यांचं कठीण.

झाडीपट्टीत (पूर्व विदर्भातल्या नाटकांत) काम करणारी, मूळ नागपूर

कंपनी वडशाची. मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत) असला की गावात नाटक हवंच. लेकी-जावई, पाहुणे येतात, नाटकाच्या निमित्ताने सोयरिकीही जमतात. पडदा रात्री दहा-अकराला उघडतो आणि पहाटे पडतो. पब्लिक घोंगड्या-ब्लँकेटांत.

मागच्या हंगामातल्या नाटकात माझं मरण शेवटच्या अंकात होतं, म्हणजे चार वाजता. डिसेंबरातली गारठलेली फळी, अंगावर पातळ साडी, आणि प्रेत कुडकुडलेलं चालत नाही. भावाचं काम करणाऱ्याला मी सांगून ठेवलं होतं, रडताना शाल माझ्या अंगावर टाक. त्या शालीवर लोक हुंदके द्यायचे.

झोप गाडीत. मानधन नाईटवर, म्हणजे प्रयोगावर. बाथरूमबद्दल एवढंच सांगते की संध्याकाळपासून पाणी कमी पिते. हे बदलायला हवं आणि ते कलेच्या गौरवाने बदलणार नाही, दार-कडी बसवूनच बदलेल.

बॅकस्टेजवाला, मुंबई

नाटकाच्या बसमध्ये मागे सेट, पुढे माणसं. कलाकार उतरून हॉटेलवर जातात, आम्ही आधी सेट उतरवतो. दौऱ्यात एका नाट्यगृहात नळ कोरडा होता, नायिकेने बाटलीच्या पाण्याने मेकअप उतरवला. प्रयोग रद्द झाला की नाईट नाही. बाकी वरच्यांनी लिहिलंच आहे.

फडात वाढलेली, आता शिक्षिका

शाळेचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आई फडात नाचायची. मी आजीकडे, गावात. दिवाळीनंतर आई दिसायची ती जवळपासच्या यात्रेला फड आला तरच. मला पहिल्या रांगेत बसवायची आणि गवळण झाली की घरी पाठवायची, लावण्या बघू द्यायची नाही. धाकटा भाऊ मात्र ट्रकात वाढला. कुठल्याच शाळेत त्याचं वर्ष पूर्ण झालं नाही. आज तो जनरेटर सांभाळतो, हिशेब तोंडी करतो, सहीला मात्र अडतो.

आता आईचे गुडघे गेलेत. सरकारच्या ज्येष्ठ कलावंत मानधनासाठी अर्ज केला तेव्हा पुरावे मागितले. आयुष्यभर राहुटीत राहिलेल्या बाईकडे कागद कुठले? मावशीच्या ट्रंकेत तळाला अंथरलेली जुनी हँडबिलं निघाली, त्यावर आईचं नाव होतं, ती जोडली. फडात असाल तर हँडबिलं, यात्रेच्या पत्रिका, सत्काराचे फोटो आजपासून एका पिशवीत ठेवा. आणि ती पिशवी ट्रकात नको, गावी ठेवा.